बिनबटणाची खोली

शंभर वॅटचा नवा ॲम्प्लिफायर घरात आला. रात्री जेवणं आटोपल्यावर दार लोटून भीमसेन जोशींचा मालकंस लावला आणि आवाज एवढाच ठेवला, की आतल्या खोलीत झोपलेल्या माणसाची झोपमोड होऊ नये. त्या शंभरातले किती वॅट खर्च होत असतील? बहुतेक वेळ एका वॅटचा शंभरावा हिस्सा.

हिशोब सोपा आहे. साध्या घरगुती स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी’ असं काहीसं छापलेलं असतं. म्हणजे एक वॅट दिला, तर स्पीकरपासून एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. एवढ्या आवाजात शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. रात्रीचं ऐकणं त्याहून सहज वीस डेसिबल खाली असतं, आणि वीस डेसिबल खाली म्हणजे शक्ती शंभरपट कमी. मग उरलेले नव्व्याण्णव वॅट कशाला? गाणं मोठ्याने लावलेलं असताना तबलजी समेवर थाप मारतो त्या क्षणासाठी. सरासरी आवाजाच्या वर पंधरा-वीस डेसिबलची अशी टोकं संगीतात सतत येतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत जातात, आणि त्या वेळी ॲम्प्लिफायर कमी पडला तर थाप बोथट होते.

यात खरा थक्क करणारा भाग ॲम्प्लिफायरचा नाही, कानाचा आहे. ऐकू येईल न येईल अशा अगदी हळू आवाजाला कानाचा पडदा जेवढा हलतो, ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी भरतं. आणि हाच पडदा ढोलताशाच्या पथकासमोरही उभा राहतो. या दोन टोकांमधल्या ध्वनिशक्तीचं गुणोत्तर एकावर बारा शून्यं इतकं आहे. एवढा पल्ला सांभाळायचा म्हणून कान बेरीज-वजाबाकीने ऐकत नाही, गुणाकाराने ऐकतो. पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर बदलून शंभरचा घेतला, तर जास्तीत जास्त आवाज तीन डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळेल, इतकाच फरक. आवाज ‘दुप्पट’ वाटायला शक्ती दहापट लागते. नव्वदच्या दशकात डेकच्या खोक्यांवर ‘२००० वॅट पीएमपीओ’ छापून येई आणि खोकं भिंतीतल्या साध्या थ्री-पिनवर चाले, ते या अज्ञानाच्या जिवावरच. पीएमपीओ हा आकडा मी आजही गंमत म्हणून वाचतो. कामाचा आकडा आरएमएस.

व्हॉल्यूमचं बटणही कानाच्या याच स्वभावाला धरून बनवलेलं असतं. ते घड्याळाच्या बारावर आणलं, म्हणजे बरोबर मध्यावर, की आतला रोधक साधारण एक दशांश व्होल्टेज पुढे सोडतो. एक दशांश व्होल्टेज म्हणजे एक शतांश शक्ती. म्हणूनच बटण फिरवताना आवाज एकसारखा चढल्यासारखा वाटतो; सरळ प्रमाणात बनवलं असतं, तर पहिल्या पाव फेरीतच सगळा आवाज येऊन गेला असता. पण इथे एक मेख आहे. सीडी प्लेयर आणि त्याच्या बरोबरीची आजची डिजिटल यंत्रं दोन व्होल्टपर्यंत सिग्नल देतात, आणि पुष्कळ ॲम्प्लिफायरना पूर्ण जोर लावायला त्याच्या निम्माही पुरतो. अशा जोडणीत बटण एकवर पोचतं तेव्हाच ॲम्प्लिफायरची शंभर टक्के ताकद लागलेली असू शकते. त्यापुढे लाटांचे माथे सपाट कापले जातात, त्यातून मूळ गाण्यात नसलेले उंच सूर तयार होतात आणि ट्वीटर जळतो. मोबाइलचा सिग्नल मात्र याहून कमकुवत, त्यामुळे तेच बटण मोबाइलला दोनवरही बिनधोक चालेल. बटण अर्ध्यावर आहे म्हणजे ताकद अर्धी शिल्लक आहे, असं म्हणूनच धरून चालू नये.

आता यंत्राच्या आत जरा डोकावू. कुठल्याही ॲम्प्लिफायरला सिग्नल मोठा करताना तो थोडा वेडावाकडा करायची खोड असते. शंभर वर्षांपूर्वी या खोडीने सर्वांत जास्त छळलं ते टेलिफोन कंपन्यांना. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बोलणं न्यायचं तर वाटेत एकामागून एक ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येक जण आपल्या पदरची विकृती त्यात घालणार. बेल लॅबोरेटरीजचा हॅरल्ड ब्लॅक या प्रश्नाच्या मागे अनेक वर्षं होता. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर जाताना त्याला उत्तर सुचलं आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोऱ्या जागेवर त्याने ते लिहून काढलं. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. जे बरोबर आहे ते थोडं कमी होतं, पण जी चूक ॲम्प्लिफायरने स्वतः घातली तीही वजा होते. पोवाडा गाणारा शाहीर कानावर हात धरून आपलाच सूर तपासत गातो ना, तसंच. फरक इतकाच, की यंत्र हे सतत, विनाखंड करत असतं. लोकांना हे इतकं उफराटं वाटलं, की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं. मिळालेलं वर्धन मुद्दाम फेकून द्यायचं, हा कसला ॲम्प्लिफायर? पण आज घरात वाजणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये ब्लॅकची ही उलटी वाट आहे.

तिच्यासाठी पुढच्या पॅनेलवर बटण नाही. पण बास आणि ट्रेबलची बटणं आहेत, आणि ती तिच्याच आत बसवलेली आहेत. पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज इंजिनिअरने १९५२ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक मंडल, म्हणजे सर्किट, छापलं. बटण मध्यावर असेल तर सिग्नलला काहीही होत नाही, उजवीकडे फिरवलं तर वाढ, डावीकडे फिरवलं तर तितकीच घट, आणि बास-ट्रेबल एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. सत्तर वर्षं उलटून गेली, तरी टोन कंट्रोल म्हटलं की आजही बहुधा त्याच्याच मंडलाचा एखादा वंशज समोर असतो.

बास पूर्ण उजवीकडे फिरवणाऱ्यांनी एक गणित जरूर करून पाहावं. पूर्ण फिरवल्यावर खालचे सूर साधारण दहा डेसिबलने वाढतात. दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. डग्ग्याच्या ठोक्याला जिथे पाच वॅट लागत होते तिथे आता पन्नास लागणार. आवाज थोडा आणखी चढवला की ॲम्प्लिफायरचा दम संपला, आणि दोष मात्र येतो कंपनीवर. मंडपवाल्याला दोन्ही बटणं पिळावी लागतात, कारण कर्ण्यात खालचे सूर निघतच नाहीत आणि समोर हजार माणसांचा गलका असतो. घरात ते कारण नाही. जुन्या डेकवर इक्वलायझरच्या पट्ट्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या लावायची घरोघर रीत होती, दोन्ही टोकं वर आणि मधला भाग खाली. त्या मधल्या भागातच माणसाचा गळा असतो. लताबाईंना खाली दाबून झांजा वर काढायच्या, ही आवड मला कधी कळली नाही.

मात्र ‘व्ही’ लावणाऱ्यांच्या कानाला काहीतरी जाणवत होतं, हेही खरं. त्याचं उत्तर ‘लाउडनेस’ लिहिलेल्या बटणात आहे. बऱ्याच जणांना ते आवाज वाढवायचं बटण वाटतं. १९३३ साली, पुन्हा बेल लॅबोरेटरीजमध्येच, हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी माणसांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवून ‘हे दोन सारखेच मोठे वाटतात का’ असं विचारत आलेख काढले. निघालं ते विलक्षण होतं. आवाज हळू असला, की कान खालच्या सुरांना जवळपास बहिरा होतो. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा १०० हर्ट्झचा सूर वाटायला त्याला साठ-पासष्ट डेसिबलवर न्यावं लागतं. आवाज एकंदरीतच मोठा केला, की ही तफावत कमी होते. म्हणजे एकच ध्वनिमुद्रण दुपारी मोठ्याने लावलं तर भरदार, रात्री हळू लावलं तर पिचकं. यंत्रात काही बदललेलं नाही, बदलला तो कान. लाउडनेसचं बटण हळू आवाजात खालच्या सुरांना तेवढा टेकू देतं. रात्री दाबावं, दिवसा मोठ्याने ऐकताना काढावं. कायम दाबून ठेवलेलं लाउडनेस म्हणजे उन्हातही चालू ठेवलेला ट्यूबलाइट नव्हे. तो निदान निरुपद्रवी असतो, हे बटण मोठ्या आवाजात गाणं चिखलात घालतं.

जोडणीची एक गोष्ट मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलेली असते, पण तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे. दोन्ही स्पीकरचं लाल टोक ॲम्प्लिफायरच्या लालला, काळं काळ्याला. एका बाजूला उलटलं, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा ओढून घेतो. बास नाहीसा होतो, आणि मध्यभागी उभा असायला हवा तो गायक खोलीभर धुरासारखा पसरतो. जुने रेडिओ मेकॅनिक हे सेलने तपासत. ॲम्प्लिफायर बंद करा, वायरी त्याच्यापासून सोडवा, स्पीकरची जाळी काढा, आणि दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल वायरींच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक् असा आवाज येतो आणि वूफरचा काळा पडदा डोळ्यांदेखत हलतो. पुढे आला, तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर लाल टर्मिनलची. आत गेला तर उलट. दोन्ही स्पीकरना हे करून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एका सेलच्या बळावर कागदाचा एवढा मोठा पडदा उडी मारतो, हे एकदा पाहिलं की ‘स्पीकर म्हणजे काय’ हे कोणी वेगळं समजावून सांगायला नको.

दोन स्पीकर कशासाठी, हा प्रश्न ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरला बोलपट पाहताना पडला होता. पडद्यावर नट एका बाजूला आणि आवाज भलतीकडून. त्याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि आज ज्याला आपण स्टीरिओ म्हणतो त्याचा जवळपास सगळा पाया त्यात होता. पुढे १९४२ साली रडारच्या चाचणीचं विमान कोसळून तो गेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्याने ज्या गोष्टीवर भरवसा ठेवला ती अशी: उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा उशिरा पोचतो. मेंदूला एवढा उशीर म्हणजे चैन आहे. अनुकूल स्थितीत तो सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकसुद्धा पकडतो आणि त्यावरून आवाजाची दिशा ठरवतो.

इतक्या नाजूक यंत्रणेपुढे आपण काय करतो? एक स्पीकर शोकेसच्या वरच्या फळीवर, दुसरा खिडकीत, आणि बसणारा सोफ्याच्या टोकाला. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, सहा-सात फुटांची बाजू पुष्कळ झाली. ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा आणि स्पीकरची तोंडं किंचित आत वळवावीत. त्रिकोण जमत नसेल, सोफा हलत नसेल, तर मात्र बॅलन्सचं बटण कामाला येतं. एरवी ते मध्यावरच बरं.

इथपर्यंत आलो ती सगळी बटणं टेलिफोनवाल्यांनी आणि रडारवाल्यांनी सोडवलेल्या कोड्यांची. ज्या वस्तूचा आवाजावर त्या सगळ्यांपेक्षा जास्त परिणाम होतो, तिला मात्र बटणच नाही. ती म्हणजे खोली.

मोबाइलवर नुसता एक सूर काढणारी ॲप फुकट मिळतात. सिडको-हडकोच्या घरांत, बिल्डरच्या नकाशांत जिकडेतिकडे दिसणारी ती दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहाच फूट. ॲम्प्लिफायरला मोबाइल जोडून ५६ हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा आणि खोलीत फिरा. कोपऱ्यात गेलात की घुमारा छातीत भरतो. तिथून हळूहळू मध्याकडे या. सूर विरत जातो, आणि खोलीच्या मधोमध उभं राहिलात की जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर तेवढाच वाजतो आहे. या सुराची लाट वीस फूट लांब असते, म्हणजे दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये तिचा बरोबर अर्धा भाग बसतो. ती भिंतींच्या मध्ये अडकून उभी राहते. भिंतीशी दाब जास्तीत जास्त, मध्यावर शून्याजवळ. दारं-खिडक्यांमुळे आकडा एखाद-दुसऱ्या हर्ट्झने हलेल, तेव्हा ५४ ते ५९ पर्यंत शोधत जा. वाईट भाग असा, की लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्याने तिन्ही दिशांच्या लाटा एकाच सुरावर येऊन बसतात. चौदा बाय बाराच्या खोलीत, दहा फूट उंचीला, त्या ४०, ४७ आणि ५६ अशा विखुरतात आणि त्रास वाटला जातो. घन आकाराची खोली गाण्यासाठी सर्वांत नाठाळ. अशा खोलीत बासचं बटण फिरवून उपयोग नाही, कारण ते कोपऱ्यात आधीच जास्त असलेलं आणखी वाढवेल आणि मध्यावर जे नाहीच त्याला काही देणार नाही. स्पीकर कोपऱ्यातून फूट-दीड फूट बाहेर ओढा, खुर्ची मध्यापासून थोडी मागे किंवा पुढे घ्या. अर्धा फूट सरकलं, तरी डग्गा वेगळा बोलतो.

हे झालं खालच्या सुरांचं. वरच्या सुरांचं गणित वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाने मांडलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात कोणाला काही कळेना; बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. सबाइनने रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवून घुमणं किती वेळ टिकतं ते मोजलं, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या थोड्या थोड्या आत आणत गेला, पुन्हा मोजलं, आणि सकाळ व्हायच्या आत त्या गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेलं सूत्र कोणालाही तोंडी करता येईल: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा, आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागा. येतात ते सेकंद.

आपली चौदा बाय बाराची रिकामी खोली घ्या. घनफळ सुमारे ४८ घनमीटर, भिंती-छत-फरशी मिळून ८० चौरस मीटर. गिलावा आणि गुळगुळीत टाइल आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतात, म्हणजे शोषण अडीच चौरस मीटरही नाही. उत्तर येतं तीन सेकंदांच्या वर. आता तिच्यात सोफा, जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला चुण्यांचा पडदा आणि चार माणसं आणा. शोषण बारा चौरस मीटरपर्यंत जातं आणि घुमणं सेकंदाच्या दोन तृतीयांशाहून खाली येतं. खोलीचा आवाज पाचपट आवरला, आणि ॲम्प्लिफायरला हातही लावला नाही. ट्रेबल कर्कश वाटतो म्हणून बटण डावीकडे फिरवणाऱ्याच्या घरात बहुधा नुसती फरशी असते.

गोधडी या कामाला उत्तम. आत थरांवर थर आणि थरांत अडकलेली हवा; आवाज त्या फटींतून घासत जातो आणि त्याची उष्णता होते. स्पीकर आणि तुमच्या मध्ये जमिनीवर एक, आणि जमलं तर तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर एक. आपल्या छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल दिसायला देखणी, पण तलम. ताणून भिंतीला लावली तर आवाजाला तिचा पत्ताही लागत नाही. गोधडीचीही मर्यादा आहेच. वीस फुटी लाटेपुढे दीड इंच जाडी ती काय? बासला आवरायचं तर कापसाच्या दोन जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या कराव्या लागतात. बैठकीच्या खोलीत ते कोणी चालू देईल असं वाटत नाही.

सबाइनच्या सूत्राचं दुसरं टोक पाहायचं, तर आपल्याला हार्वर्डला जायला नको. शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. तिथलं दहावं लेणं, विश्वकर्मा किंवा ‘सुतार की झोपडी’, साधारण सातव्या शतकातलं चैत्यगृह: सुमारे ८५ फूट लांब, ४३ फूट रुंद आणि ३४ फूट उंच, वर कमानदार छत आणि छताला लाकडी वाशांची नक्कल करणाऱ्या दगडी फासळ्या. घनफळ प्रचंड आणि शोषण जवळपास शून्य, कारण सगळीकडे बेसॉल्ट. तिथे स्तूपापुढच्या बुद्धासमोर उभं राहून कोणी एक लांब स्वर लावला, की तो संपल्यावरही हवेत उरतो आणि पुढच्या स्वराला येऊन मिळतो. एकटा माणूस स्वतःच्याच मागे तानपुरा धरतो. तिथे भराभर बोललात, तर व्यंजनं विरघळतात आणि नुसते स्वर हाती लागतात. संथ पठण अशा ठिकाणी खुलतं, द्रुत तान अशा ठिकाणी बुडते. कोणत्या जागेत काय गावं हे जागाच ठरवते, असं माझं मत त्या लेण्यात पक्कं झालं.

आणि अगदी उलट बाजू पाहायची, तर वेरूळ महोत्सवाची रात्र. पूर्वी तो कैलास लेण्यापुढे व्हायचा, नंतर विद्यापीठाजवळच्या सोनेरी महालाच्या आवारात आला. उघड्या मैदानात छत नाही, बाजूला भिंती नाहीत. आवाज गेला तो गेला. म्हणून तिथे मनोऱ्यांएवढे स्पीकर आणि हजारो वॅट लागतात. घरातली खोली आपल्याला फुकट मदत करत असते, हे मैदानात गेल्यावर कळतं.

आपल्या हवेचाही हात यात आहे. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. जानेवारीच्या पहाटे दहा अंशांना तो सेकंदाला ३३७ मीटर असतो, मेच्या दुपारी बेचाळीस अंशांना ३५६. फरक सहा टक्क्यांच्या जवळ, म्हणजे पेटीवर पांढरी एकपासून काळी एकपर्यंत जेवढं अंतर आहे जवळपास तेवढा. घरात गारवा-ऊब थोडी आवरलेली असते म्हणून फरक कमी पडतो, पण तत्त्व तेच: मघाचा तो कोपऱ्यातला घुमारा उन्हाळ्यात वरच्या सुरावर जातो. त्यापेक्षा व्यवहारातला शत्रू म्हणजे कूलर. त्याची फरफर वरच्या सुरांना झाकून टाकते. ती चालू असताना ट्रेबल लावला तर हमखास जास्त लागतो आणि कूलर बंद झाल्यावर कानाला टोचतो. सेटिंग करायचं ते रात्री, कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून. आणि ॲम्प्लिफायरवरचा तो विणलेला रुमाल तेवढा काढा. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची असते. शोकेसच्या बंद कप्प्यात, मराठवाड्याच्या मे महिन्यात, वरून रुमाल पांघरून बसवलेला ॲम्प्लिफायर किती दिवस टिकेल?

काही नव्या यंत्रांबरोबर छोटा माइक मिळतो. तो बसायच्या जागी ठेवला, की यंत्र चिवचिवाट करून खोली मोजतं आणि स्वतःच दुरुस्ती करतं. खालच्या सुरांचे फुगवटे ते चांगले कापतं. खोलीने पूर्ण गिळलेला सूर परत आणणं त्याला साधत नाही, आणि तीन सेकंद घुमणारी खोली गप्प करणंही नाही.

प्रत्यक्ष सेटिंगला बसाल तेव्हा बास, ट्रेबल, बॅलन्स सगळं मध्यावर, लाउडनेस बंद, इक्वलायझर सपाट. ऐकायला एकच ओळखीचं ध्वनिमुद्रण, ज्यात सुरुवातीला नुसता तानपुरा आहे. याहून चांगलं चाचणीचं वाद्य जगात नसावं. मिरजेचे कारागीर तारेखाली जो दोऱ्याचा जीव सरकवतात, त्याने तार घोडीच्या वक्र पाठीला चाटत राहते आणि एका छेडीतून उपस्वरांची अख्खी माळ सुटते; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेवर लिहिलं, ते याच चमत्कारावर. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खरज ६९ हर्ट्झवर असतो आणि झणझण कित्येक हजारांवर. पुस्तकातल्या कोणत्याही चाचणीपट्टीइतका हा पल्ला. खरजाच्या फेरीला खोली गुरगुरली, तर स्पीकर भिंतीपासून ओढा. जवारी धातूच्या पत्र्यासारखी वाजली, तर आधी जमिनीवर काहीतरी अंथरा. एवढं झाल्यावरही कमी-जास्त वाटलं तरच बटणाला हात लावा, आणि तोही एका वेळी एकाच.

दोन सेटिंगची तुलना करताना आवाज दोन्हीकडे समान ठेवा. एक डेसिबल मोठं असलेलं कानाला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. दुकानातला विक्रेता महागडं मॉडेल दाखवताना व्हॉल्यूम किंचित चढवतो, तो याच भरवशावर. घरातल्या कोणाला तरी बटणापाशी बसवा, स्वतः डोळे मिटा, आणि ‘आता बदललं का नाही’ हे त्याला न सांगू देता ओळखून दाखवा. ज्या बदलाची ओळख पटत नाही, तो बदल सोडून द्या.

आणि पैसे उरलेच, तर ते हजारो रुपयांच्या स्पीकर केबलवर घालू नका. दहा फुटांसाठी कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरते. तिचा जाऊन-येऊन रोध एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असतो आणि आठ ओहमच्या स्पीकरला तो कळत नाही. त्या पैशांत जाड गालिचा घ्या.